मुंग्यांवरची गोळी: बी-६, बी-१२ की कार्निटिन?

"पायाला मुंग्या येतात, नसांची एखादी गोळी द्या," असं मेडिकलवर सांगितलं की बी-१२, बी-६, अल्फा लिपोइक अ‍ॅसिड असं सगळं एकाच कॅप्सूलमध्ये कोंबलेली पट्टी पुढे येते. ती घेण्याआधी मज्जातंतूंना नेमकं कोण छळतंय ते बघा: टीबीचं औषध, साखर की केमो?

टीबीचं सगळ्यात सरळ आहे. आयसोनियाझिड हे टीबीचं औषध शरीरातल्या बी-६ला चिकटतं आणि त्याला लघवीवाटे बाहेर काढतं. मज्जातंतूंना ते कमी पडतं आणि तळपाय भगभगू लागतात. सोबत रोज १० ते २५ मिलिग्रॅम पिरिडॉक्सिन, म्हणजे बी-६च, घेतलं की हे सहसा टळतं. गरोदर, मधुमेही, दारू पिणारे किंवा फार अशक्त झालेले रुग्ण यांनी तर ते चुकवूच नये. आयसोनियाझिड चुकून भरमसाट पोटात गेलं आणि झटके येऊ लागले, तर हॉस्पिटलात हेच जीवनसत्त्व शिरेतून देतात. जितके ग्रॅम औषध, तितकेच ग्रॅम बी-६! विषाला इतका नेमका उतारा क्वचितच सापडतो.

म्हणून मनानेच डोस वाढवायचा का? मुळीच नाही. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या सात जणांची नोंद प्रसिद्ध झाली. रोज २ ते ६ ग्रॅम बी-६ घेऊन त्यांच्या पायांची संवेदना गेली होती, चालताना तोल जात होता. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये प्रौढांसाठी रोजची कमाल मर्यादा १२ मिलिग्रॅमवर आणली. डॉक्टरांनी औषध म्हणून दिलेला डोस वेगळा.

मधुमेहात गफलत होते ती अशी: मुंग्या साखरेच्याच असं सगळे धरून चालतात. पण मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीमुळे आतड्यातून बी-१२ कमी शोषलं जातं. चार वर्षांहून जास्त चाललेल्या एका चाचणीत ते डमी गोळीच्या तुलनेत १९ टक्क्यांनी घटलं. घर शाकाहारी असेल तर आधी रक्तातलं बी-१२ तपासा. अल्फा लिपोइक अ‍ॅसिडचं म्हणाल, तर ६०० मिलिग्रॅमने पाच आठवड्यांत जळजळ कमी झाल्याचं दिसलंय. चार वर्षांच्या चाचणीत मात्र मुख्य निकषावर फरक पडला नाही.

आणि केमो? इथे मी अ‍ॅसिटाइल कार्निटिन या पूरक गोळीवर स्पष्ट फुली मारेन. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते छान वाटलं होतं. मग स्तनाच्या कर्करोगासाठी टॅक्सेन गटाची केमो औषधं घेणाऱ्या ४०९ स्त्रियांवर चाचणी झाली. निम्म्यांना रोज ३ ग्रॅम कार्निटिन, बाकीच्यांना डमी गोळी. बारा आठवड्यांनी फरक नव्हता. चोविसाव्या आठवड्यात कार्निटिनवाल्यांचाच त्रास जास्त निघाला.

केमोच्या मुंग्यांवर डॉक्टरांच्या हातात डोस कमी करणं किंवा पुढे ढकलणं हा उपाय असतो. ब्लाउजचा हूक किंवा शर्टाचं बटण लावता येईना झालं, तर पुढचं सलाईन लावण्याआधीच त्यांना सांगा.