ठिबकचं फॉस्फोरिक अ‍ॅसिड गाडीच्या गंजावर : आखाजीपासून (अक्षय तृतीयेपासून) थंडीपर्यंतचा अनुभव

गाडी स्प्लेंडर, जुनी, जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-सावदा पट्ट्यातली, म्हणजे अर्धं आयुष्य केळीच्या बांधावर गेलेलं. इंजिन अजून ठणठणीत आहे पण कॅरियर, लेगगार्ड, दोन्ही रिम, किकचा दांडा, सायलेन्सरची खालची बाजू सगळीकडे गंज चढला होता. बरेच जण विचारतात की समुद्र इथून कुठच्या कुठे, मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे, हवा कोरडी ठाक, मग एवढा गंज येतो कुठून. भाऊ, तो खताच्या पोत्यातून येतो. केळीला पोटॅश भरपूर लागतं आणि आपण जे लाल-पांढरं पोटॅश आणतो ते म्हणजे पोटॅशियम क्लोराईड, त्यात वजनाने जवळपास ४७ टक्के क्लोराईड असतं. कोकणात खारी हवा लोखंडाचं जे करते तेच काम इथे पोतं करतं. कॅरियरवर पोतं बांधलं, शिवणीतून थोडं सांडलं, ते सांध्यात जाऊन बसलं, मग मृगाचा पहिला पाऊस पडला की झालं सुरू, कारण हे मीठ हवेतला ओलावा पण ओढून घेतं.

दुसरं कारण शेडमधला कॅन. ठिबकच्या नळ्यांत क्षार बसले की आपण हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड सोडतो आणि तो कॅन बिनधास्त गाडीच्या शेजारी ठेवलेला असतो. त्याची वाफ झाकणातून सुटत राहते आणि आजूबाजूचे नटबोल्टचे पाने, विळे, गाडी सगळं लाल करते. गंज काढायच्या आधी तो कॅन तिथून हलवा, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.

आता अ‍ॅसिडबद्दल. बाजारात गंज काढायचं म्हणून जे लिक्विड मिळतं त्यातल्या बऱ्याच बाटल्यांमध्ये मुख्य माल फॉस्फोरिक अ‍ॅसिडच असतो, आणि ते तर आपल्याकडे कृषी केंद्रात ठिबकसाठी मिळतं, ८५ टक्क्यांचं. मी एक भाग अ‍ॅसिडला पाच भाग पाणी घेतो. आधी पाणी, मग त्यात हळूहळू अ‍ॅसिड, उलटं कधीच नाही. हातात रबरी मोजे, डोळ्याला चष्मा, जागा उघड्यावर आणि मातीची, कारण शहाबादी फरशीवर थेंब पडला तर फरशी खाऊन टाकतं. हायड्रोक्लोरिक मात्र गंजासाठी अजिबात वापरू नका, ते क्रोमचा चकचकीत मुलामाही खातं आणि धुतल्यावर लोखंड लगेच परत लाल होतं.

पद्धत साधी आहे. आधी शाम्पूच्या पाण्याने गाडी धुवायची, सकाळी लवकर, कारण आपलं बोअरचं पाणी जड, उन्हात धुतली तर पुसायच्या आत पांढरे डाग बसतात. सुटा गंज तारेच्या ब्रशने खरवडायचा. मग सुती फडकं अ‍ॅसिडच्या पाण्यात भिजवून भागाला गुंडाळायचं आणि वरून प्लास्टिक, म्हणजे वाळत नाही. तास-दोन तासात गंज सुटतो आणि खाली करडा-काळसर थर दिसतो, तो लोखंडाचा फॉस्फेट, तो खरवडू नका, त्यावर प्रायमर चांगला धरतो. पाण्याने धुवा, कोरडं करा आणि त्याच दिवशी वर काहीतरी लावा. हे फार महत्त्वाचं आहे, उघडं ठेवलं तर फॉस्फेटचा पातळ थर पावसाला पुरत नाही.

निकाल भागाप्रमाणे वेगवेगळा आहे. कॅरियर सगळ्यात भारी निघालं, प्रायमर आणि काळा ऑइलपेंट मारला, अख्खा पावसाळा गेला, पोती पण वाहिली, फक्त दोरी घासते तिथे रंग उडाला आहे. लेगगार्ड आणि रिम क्रोमचे, तिथे मी अ‍ॅसिड वापरलंच नाही, पोळ्या गुंडाळायचा अ‍ॅल्युमिनियम फॉइल चुरगळून पाण्यात बुडवून घासला. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असतो म्हणून चरे पडत नाहीत आणि लाल ठिपके निघून जातात. पण क्रोमला बारीक छिद्रं असतात, गंज खालच्या लोखंडातून तिथूनच वर येतो, म्हणून वॅक्स लावावंच लागतं. पुढच्या रिमला मी वॅक्स परत परत लावलं, ती अजून चकचकीत आहे. मागच्या रिमला चेनच्या बाजूला हात पोचत नाही, तिथे श्रावणातच ठिपके परत आले. क्रोमची साल निघाली असेल तर तिथे काहीच चालत नाही, रिम बदला किंवा रंगवा.

सायलेन्सरचं काम मनासारखं टिकलं नाही. वॅक्स तिथे जळतं, साधा रंग पापुद्रे धरतो. जास्त तापमानाचा स्प्रे मारला तो बाहेरून ठीक आहे, पण शेत ते घर, शेत ते घर एवढंच चालवलं की सायलेन्सर पुरता तापत नाही, धुराबरोबर येणारं पाणी आतच राहतं आणि गंज आतून येतो. आठवड्यातून एकदा गाडी लांब न्या, फैजपूरमार्गे यावलपर्यंत जाऊन आलं तरी आतलं पाणी उडून जातं.

चेन, स्प्रिंग आणि स्पोक अ‍ॅसिडात कधीच बुडवू नका. आमचे मिस्तरी आबा मला म्हणाले, "चैन त्याच्यात टाकू नको रे भाऊ, कडी तुटीन चालत्या गाडीवर." खरं आहे ते, कडक पोलाद अ‍ॅसिडमधला हायड्रोजन शोषतं आणि ठिसूळ होतं. चेन डिझेलने पुसा, मग चेनचं ऑइल. इंजिनचं कव्हर अ‍ॅल्युमिनियमचं, त्यावर जी पांढरी भुकटी येते तो अ‍ॅल्युमिनियमचाच गंज, तिथे कॉस्टिक सोडा किंवा धुण्याचा सोडा लावला तर धातूच खातो, साधा साबण आणि मऊ ब्रश बस. चकचकीत पांढरे-पिवळे नटबोल्ट जस्ताचे असतात, त्यांचं जस्त अ‍ॅसिडने निघून जातं, ते नवीनच आणा, स्वस्त आहेत. पुढच्या शॉकअपच्या नळीवर खड्डे पडले असतील तर घासून उपयोग नाही, ते ऑइल सील फाडतात. आणि वॉशिंगवाला शेवटी खालून डिझेल मारतो ना, त्याला नाही म्हणा, रबराच्या वस्तू फुगतात आणि केळीच्या रस्त्याची सगळी धूळ त्यावर चिकटते.

एक बाटली कितीतरी दिवस पुरते, शेजारच्या काकांच्या नांगराच्या फाळालाही हेच लावलं. उरलेलं पातळ केलेलं अ‍ॅसिड पाण्याच्या बाटलीत भरू नका, दिसायला ते पाण्यासारखंच असतं. प्लास्टिकच्या जाड डब्यात, वर मोठ्या अक्षरात नाव लिहून, मुलांचा हात पोचणार नाही तिथे ठेवा.