गोडॉक्स एडी२०० प्रो : पोर्ट्रेटसाठी एकच फ्लॅश घ्यायचा असेल तर

आधी निकाल सांगून टाकतो. एका माणसाचं किंवा जोडप्याचं पोर्ट्रेट, घरात किंवा बाहेर सावलीत, सामान एका खांद्यावर मावेल एवढंच, अशी कामाची पद्धत असेल तर हा फ्लॅश डोळे मिटून घ्यावा. भर उन्हात दहा जणांचा ग्रुप उजळायचा असेल तर घेऊ नये. आणि कुठल्याही परिस्थितीत नुसता फ्लॅश घेऊ नये. ब्रॅकेट (फ्लॅश स्टँडवर पकडणारी चौकट), सॉफ्टबॉक्स (पुढे पांढरा पडदा असलेली, प्रकाश मऊ करणारी कापडी पेटी) आणि ट्रिगर (कॅमेऱ्यावरून बिनतारी फ्लॅश उडवणारं यंत्र) नसेल तर ही एक महागडी वीट आहे. कॅमेऱ्याच्या हॉट-शूवर, म्हणजे फ्लॅश लावायच्या वरच्या खाचेत, तो बसतही नाही.

ताकद २०० वॉट-सेकंद, म्हणजे एका फ्लॅशमध्ये खर्च होणारी वीज. कॅमेऱ्यावर लावायचे मोठे स्पीडलाइट साधारण ७६ वॉट-सेकंदांपर्यंत जातात. म्हणजे त्यांच्यापेक्षा हा जेमतेम दीड स्टॉप पुढे, आणि ६०० वॉट-सेकंदांच्या स्टुडिओ फ्लॅशच्या दीडेक स्टॉप मागे. आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश, हे लक्षात ठेवूनच तो वाचावा. एलईडी लाइटशी तुलना करणाऱ्यांसाठी एक छोटा हिशोब : ६० वॉटचा एलईडी १/२०० सेकंदाच्या शटरमध्ये फक्त ०.३ वॉट-सेकंद वीज खर्च करतो, हा फ्लॅश पूर्ण ताकदीवर २००. खिडकीतल्या उजेडाशी टक्कर द्यायला फ्लॅश का लागतो, ते एवढ्यावरून कळावं.

दोन डोकी, पण काम एकाचंच

बॉक्समध्ये दोन हेड येतात. एक स्पीडलाइटसारखं चपटं फ्रेनेल हेड, दुसरं उघड्या बल्बचं. सॉफ्टबॉक्समध्ये उघडा बल्बच लावायचा. चपट्या हेडचा प्रकाश सरळ पुढे जातो, त्यामुळे आतल्या पडद्याचा मधला भाग भगभगीत आणि कडा मंद पडतात. ९० सेंमीचा सॉफ्टबॉक्स मग प्रत्यक्षात ५० सेंमीच्या लाइटसारखं काम करतो : नाकाची सावली कडक, कपाळावर चकाकी. खात्री करायची असेल तर सॉफ्टबॉक्सच्या पडद्याचाच फोटो काढा, अगदी कमी एक्स्पोजरवर. उघड्या बल्बने पडदा कडेपर्यंत जवळजवळ सारखा दिसतो, चपट्या हेडने मध्यावर पांढरा डाग दिसतो.

चपट्या हेडचं खरं काम मागून केसांवर आणि खांद्यावर कडा काढायचं, किंवा भिंतीवर रंग टाकायचं. त्यासाठी बार्नडोअर (प्रकाश अडवणाऱ्या झडपा), हनीकोम ग्रिड (झोत आवळणारी जाळी) आणि रंगीत जेलचा (पारदर्शक रंगीत कागदांचा) संच वेगळा मिळतो. जेल उघड्या बल्बला टेकवून गुंडाळू नका, वितळून बसते.

हेड बदलताना फ्लॅश आधी बंद करा. बल्बला उघडी बोटं लावू नका, बोटांचं तेल तापून काचेवर डाग धरतं आणि काच तिथेच तडकते. प्रवासात बल्बवर टोपण घातलेलंच हवं. तो बाहेर आलेला असतो आणि बॅगेत सगळ्यात आधी तोच फुटतो.

कशात बसवायचा

फ्लॅशला स्वतःचा बोवेन्स माउंट (सॉफ्टबॉक्स अडकवायची प्रचलित कडी) नाही. त्यासाठी गोडॉक्सचाच एस२ ब्रॅकेट सगळ्यात सोयीचा : फ्लॅश आडवा आत सरकवायचा, वरून पकडीचा स्क्रू आवळायचा, पुढे कुठलाही बोवेन्सचा सॉफ्टबॉक्स. बल्ब ब्रॅकेटच्या कडेच्या आतच राहिला तर प्रकाश पुन्हा मध्यावर गोळा होतो, म्हणून आवळण्याआधी फ्लॅश शक्य तेवढा पुढे सरकवा.

सॉफ्टबॉक्स कोणता, यावर उगाच वाद घालतात. चेहरा ते छाती एवढंच फ्रेममध्ये असेल तर ८० ते ९० सेंमी पुरे. त्याहून मोठा घेतलात तर ब्रॅकेटचा सांधा वजनाने हळूहळू खाली झुकतो आणि दर पाच-दहा फ्रेमनंतर लाइट पुन्हा वर करत बसावं लागतं. आत दोन पडदे असलेला घ्या. आतला पडदा काढून साधारण एक स्टॉप वाचवता येतो, उन्हात तो उपयोगी पडतो. छत्री स्वस्त आणि हलकी खरी, पण पांढऱ्या आरपार छत्रीतून उघड्या बल्बचा निम्मा प्रकाश मागे भिंती-छतावर जातो. लहान खोलीत सगळ्या सावल्या धुऊन निघतात आणि चेहऱ्याला आकारच राहत नाही.

फ्लॅश, बॅटरी, ब्रॅकेट आणि सॉफ्टबॉक्स मिळून वजन दोन किलोच्या आसपास जातं, तेही स्टँडच्या टोकाला. स्टँडचा एक पाय सॉफ्टबॉक्स ज्या दिशेला झुकलाय त्याच दिशेला ठेवा, आणि विरुद्ध बाजूच्या पायावर वाळूची पिशवी. बाहेर थोडा जरी वारा असला तरी सॉफ्टबॉक्स शिडासारखा फुगतो. मदतनीस नसेल तर त्या दिवशी सॉफ्टबॉक्स उघडूच नका.

उणीव नंबर एक : मॉडेलिंग लाइट

चपट्या हेडवर छोटा एलईडी आहे, उघड्या बल्बच्या हेडवर नाही. आणि वापरायचं तर उघडं हेडच. म्हणजे सावली कुठे पडणार ते फ्लॅश उडाल्याशिवाय दिसत नाही. नवख्याला हे जड जातं.

यावर उपाय म्हणजे लाइटची जागा डोळ्यांनी न ठरवता मापाने ठरवायची. ९० सेंमीचा सॉफ्टबॉक्स असेल तर चेहऱ्यापासून अंतरही साधारण ९० सेंमी. लाइट समोरून ४५ अंश बाजूला. सॉफ्टबॉक्सचा मध्य डोळ्यांच्या रेषेपेक्षा फूटभर वर, किंचित खाली झुकवलेला. मग पूर्ण ताकदीच्या १/६४ वर एक चाचणी फ्रेम घ्या आणि फक्त तीन गोष्टी बघा.

पहिली, दोन्ही डोळ्यांत कॅचलाइट, म्हणजे लाइटचा चमकता ठिपका, आहे का. पलीकडच्या डोळ्यात नसेल तर लाइट फार वर किंवा फार बाजूला गेलाय. दुसरी, नाकाची सावली. ती ओठांना शिवत असेल तर लाइट खाली घ्या. नाकाखाली छोटीशी तिरपी पडली तर छान. गालावरच्या सावलीला जाऊन मिळाली आणि गालावर उजेडाचा त्रिकोण उरला, तर चेहरा गंभीर दिसतो. तो हवाच असेल तर ठीक, नकळत आला असेल तर लाइट थोडा समोर सरकवा. तिसरी, कपाळ आणि नाकाच्या शेंड्यावरची चकाकी. चकाकी दिसली की ताकद कमी करायची घाई करू नका. सॉफ्टबॉक्स चेहऱ्याच्या थोडा पुढे, कॅमेरा आणि माणूस यांच्या मधल्या जागेकडे वळवा, म्हणजे चेहऱ्यावर कडेचा मवाळ प्रकाश येतो. त्यात साधारण अर्धा-पाऊण स्टॉप जातो, तो नंतर ताकद वाढवून भरून काढायचा.

चष्मा असेल तर हे माप मोडावं लागतं. काचेत सॉफ्टबॉक्सचं प्रतिबिंब दिसलं की लाइट वर आणि बाहेर न्या, आणि माणसाला हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगा. चष्म्याच्या काड्या कानावरून अगदी थोड्या वर उचलल्या तरी काच खाली झुकते आणि प्रतिबिंब जातं.

उन्हात काय होतं

स्वच्छ उन्हात आयएसओ १००, शटर १/२०० ठेवलं की अ‍ॅपर्चर एफ/११ येतं. मागचा भाग धूसर हवा म्हणून एफ/२.८ वर आलात तर शटर १/३२०० पर्यंत न्यावं लागतं, म्हणजे नेहमीच्या फ्लॅशला जमत नाही एवढ्या वेगवान शटरसाठीची एचएसएस (हाय-स्पीड सिंक) पद्धत आली. एचएसएसमध्ये फ्लॅश एकदम न उडता शटर सरकत असेपर्यंत भराभर लुकलुकत राहतो. सुरुवातीलाच एक-दोन स्टॉप जातात, आणि पुढे शटर जेवढे स्टॉप वाढवाल तेवढे फ्लॅशचेही जातात. २०० वॉट-सेकंदांत हा खर्च परवडत नाही. चेहरा काळवंडलेलाच राहतो, फ्लॅश मात्र लवकर तापतो आणि रिसायकल, म्हणजे पुढच्या झोतासाठी पुन्हा तयार होणं, मंदावतं.

त्याऐवजी लेन्सवर चार स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश कमी करणारी गडद काच, लावा. शटर १/२०० वरच राहतं, अ‍ॅपर्चर एफ/२.८, आणि फ्लॅशला पूर्ण ताकद देता येते. मात्र फसू नका : फिल्टर फ्लॅशचा प्रकाशही तेवढाच कापतो, म्हणजे काम एफ/११ एवढंच करावं लागतं. म्हणून आतला पडदा काढायचा आणि सॉफ्टबॉक्स फ्रेमच्या कडेला घासेल इतका जवळ आणायचा. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई होतो, दोन स्टॉप गेले. एक मीटरवरून जे जमतं ते दोन मीटरवरून जमत नाही, आणि पूर्ण उंचीचं पोर्ट्रेट उन्हात या फ्लॅशला झेपत नाही त्याचं कारण हेच. माणसाला पाठीवर ऊन घेऊन उभं करा किंवा झाडाच्या सावलीच्या कडेला आणा. मग १/४ ताकदही पुरते.

आणखी एक बारकावा. पूर्ण ताकदीवर याचा झोत सुमारे १/२२० सेकंद टिकतो. शटर १/२५० ठेवलं तर झोताचं शेपूट कापलं जातं, शिवाय झोत एवढा लांब असल्याने उडत्या केसांच्या टोकांना किंचित धूसरपणा येतो. १/४ किंवा त्याखाली आलात की झोत फारच आखूड होतो आणि केसन् केस गोठतो. कमी ताकद हा या फ्लॅशचा खरा गुण आहे. खाली १/२५६ पर्यंत जातो, म्हणजे एक वॉट-सेकंदाहूनही कमी. संध्याकाळच्या खोलीत एफ/२ वर, चेहऱ्याच्या अगदी जवळ सॉफ्टबॉक्स ठेवून, दिव्यांचा पिवळा उजेड राखून काम करायचं तर हाच आकडा कामाला येतो. आधीच्या एडी२०० ला ही सोय १/१२८ पर्यंतच होती.

ट्रिगर आणि बॅटरी

फ्लॅश कुठल्याही कॅमेऱ्याला चालतो, ट्रिगर मात्र कॅमेऱ्याच्या ब्रँडचाच घ्यावा लागतो. गोडॉक्सचा एक्सप्रो ट्रिगर घेतलात तर दोन गोष्टी आधी लावा. अंतराची सेटिंग ०–३० मीटरवर आणा, कारण १–१०० मीटरवर ठेवून फ्लॅश कॅमेऱ्याला चिकटून असेल तर मधूनच उडत नाही आणि लोक बॅटरीला दोष देतात. दुसरं, चॅनेलसोबत आयडीही निवडा. आजूबाजूला दुसरा गोडॉक्सवाला असेल तर त्याच्या ट्रिगरने तुमचा फ्लॅश उडत राहतो.

टीटीएल, म्हणजे फ्लॅशची ताकद कॅमेऱ्याने स्वतः ठरवण्याची पद्धत, ठीक चालतं, पण पांढरा शर्ट आणि काळा कोट यांत ते डोलतं. टीटीएलवर एक फ्रेम घेऊन एक्सप्रोच्या टीसीएम बटणाने तीच ताकद मॅन्युअलमध्ये बदलून घ्या, पुढचे सगळे फोटो सारखे येतात.

बॅटरी १४.४ व्होल्ट, २९०० एमएएच. कंपनी पूर्ण ताकदीचे ५०० फ्लॅश सांगते. पोर्ट्रेटला बहुतेक वेळ १/४ ते १/१६ वरच काम चालतं, त्यामुळे एका बॅटरीत दिवस निघतो. हिशोबाने ती ४२ वॉट-तासांच्या आत येते, विमानात हाताच्या सामानात १०० वॉट-तासांपर्यंत चालतं. सुटी बॅटरी चेक-इन बॅगेत टाकू नका, आणि टोकांवर टेप लावा. चार्जिंग बॅटरी काढून तिच्याच चार्जरवर होतं. चार्जर घरी राहिला तर पॉवर बँक काही कामाची नाही.

पुढेमागे ताकद कमी पडली तर असाच दुसरा फ्लॅश घेऊन एडी-बी२ ब्रॅकेटमध्ये दोन्ही एकत्र बसवता येतात, ४०० वॉट-सेकंद होतात. पण पहिले पैसे दुसऱ्या फ्लॅशवर घालू नका. आधी चांगला स्टँड, मग वाळूची पिशवी, मग सावलीच्या बाजूला धरायला पांढरा फोम बोर्ड. तो चेहऱ्यापासून हातभर अंतरावर आला की सावली मऊ होते. रुपेरी रिफ्लेक्टर तिथेच धरलात तर खालून उजेड मारल्यासारखं दिसतं, तो निदान दोन हात लांब ठेवा.