थंडरबर्डमधील जंक मेल गाळणी: वापरानंतरचा अभिप्राय

मोझिलाच्या थंडरबर्ड या मोफत मेल प्रोग्रॅममधली जंक गाळणी पहिल्या दिवशी पाहणाऱ्याची निराशा होण्याचा संभव आहे, कारण ती जवळजवळ कोरी पाटी घेऊन येते. कोणता मेल कचरा आणि कोणता कामाचा, हे तिला वापरणाऱ्यानेच दाखवून द्यायचे असते. मेल निवडून ‘जे’ ही कळ दाबली की त्या ओळीवर ज्वाळेचे छोटे चिन्ह उमटते आणि त्या मेलमधल्या शब्दांची नोंद गाळणीकडे होते.

ही पद्धत अठराव्या शतकातील गणितज्ञ थॉमस बेझ यांच्या संभाव्यतेविषयीच्या सिद्धान्तावर उभी आहे. एखादा शब्द कचऱ्यात किती वेळा आला आणि कामाच्या मेलमध्ये किती वेळा, यावरून नव्या मेलचा निवाडा होतो; म्हणूनच ‘इन्व्हॉइस’ हा शब्द हिशेबनिसाच्या गाळणीत चांगल्या मेलची खूण ठरतो, तर ज्याचा बिलांशी काहीच संबंध नाही त्याच्या गाळणीत तोच संशयास्पद ठरतो. सरसकट सर्वांना एकच नियम लावून हे साधत नाही, आणि मला या गाळणीचे मोल वाटते ते त्यामुळेच.

नेमकी इथेच माझी चूक झाली. पहिले तीन आठवडे मी फक्त कचऱ्यावर खुणा करत राहिलो. चांगल्या मेलवर ‘जंक नाही’ अशी खूण, म्हणजे शिफ्टसह ‘जे’, करण्याची गरजच मला वाटली नाही. गाळणीला एकच बाजू ठाऊक झाली आणि एका जुन्या सहकाऱ्याने नव्या पत्त्यावरून पाठवलेला, सहीसाठी मसुदा जोडलेला मेल चार दिवस जंक फोल्डरमध्ये पडून राहिला. त्यानंतर मी इनबॉक्समधले दोनशेएक मेल एकदम निवडून ‘जंक नाही’ म्हणून नोंदवले, आणि अ‍ॅड्रेस बुकमधील व्यक्तींचे मेल जंक समजू नयेत, हा खात्याच्या सेटिंगमधला पर्याय तपासून घेतला. फरक आठवड्याभरात जाणवला.

आणखी एक सोय मोलाची आहे. पुष्कळ जाहिरातींच्या मेलमध्ये एका पिक्सेलचे न दिसणारे चित्र असते. ते सर्व्हरवरून उतरले की मेल उघडला गेल्याचे पाठवणाऱ्याला कळते. थंडरबर्ड अशी बाहेरची चित्रे मुळातच रोखून धरतो आणि वर एक पट्टी दाखवून परवानगी विचारतो.

मर्यादाही आहेत. शिकवलेले सारे त्या संगणकावरच राहते, त्यामुळे फोनवरच्या मेल अ‍ॅपला त्याचा उपयोग नाही. सगळा मजकूर चित्रातच असेल, तर शब्दांवर चालणाऱ्या गाळणीच्या हाती फारसे काही लागत नाही.

जुने जंक मेल आपोआप पुसण्याची सोय आहे. मी ती ३० दिवसांवर ठेवली आहे आणि दर शनिवारी फोल्डर एकदा चाळतो. सहीसाठी अडकलेला तो मसुदा मी विसरलेलो नाही.