ग्रनादात कुठे उतराल: मठातला पॅरादोर की अल्बायसिनमधलं जुनं घर?

पॅरादोर ही स्पेनची सरकारी हॉटेलसाखळी, 1928 पासूनची. ग्रनादातला पॅरादोर थेट अल्हाम्ब्राच्या, म्हणजे टेकडीवरच्या मुस्लिम राजांच्या किल्ल्या-महालांच्या आवारात, जुन्या फ्रान्सिस्कन मठात आहे. हा मठही नासरी, म्हणजे ग्रनादाच्या शेवटच्या मुस्लिम राजघराण्याच्या, महालाच्या जागेवर उभा राहिलेला! त्या घराण्याकडून ग्रनादा जिंकून घेणारी राणी इसाबेला आणि राजा फर्नांडो यांना आधी इथेच पुरलं होतं. 1521 मध्ये त्यांचे अवशेष खाली शहरातल्या राजेशाही चॅपेलमध्ये हलवले. संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर आवारातल्या बागांतून फिरणं, हे इथल्या भाड्याचं खरं मोल. भाडं मात्र चांगलंच चढं. आणि खोली घेतली म्हणजे नासरी महालांचं तिकीट मिळालं असं नव्हे. ते वेगळं, ठरावीक वेळेचं, खूप आधी काढावं लागतं.

दारो नदीपलीकडच्या अल्बायसिन या जुन्या वस्तीत मोरिस्कोंच्या (ख्रिस्ती झालेल्या मुस्लिमांच्या) जुन्या घरांची छोटी हॉटेलं झाली आहेत. बाहेरून साधी भिंत, आत चौक, मधोमध पाणी, वर लाकडी सज्जे. वाड्यात वाढलेल्या माणसाला इथे परकं वाटणार नाही. खोल्या लहान असतात, भाडं सहसा बरंच कमी. त्रास एकच: दगडगोट्यांच्या चढत्या गल्ल्या. टॅक्सी दारापर्यंत येईलच असं नाही, त्यामुळे जड बॅगा नकोत.

मी अल्बायसिनच निवडेन. अल्हाम्ब्राच्या आत राहून अल्हाम्ब्रा अख्खा दिसत नाही. अल्बायसिनमधल्या सान निकोलासच्या चौकातून तो सिएरा नेवादाच्या बर्फासमोर उभा दिसतो. सोबत गुडघे दुखणारे आई-बाबा असतील, तर मात्र एक रात्र तरी पॅरादोरच घ्या.