असिस्ट डॉट ऑर्ग: फुकट आहे, पण बसून वाचावी लागते

कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षं शिकवणाऱ्या सरकारी कॉलेजात, दोन वर्षं करून पुढं एन्व्हायर्नमेंटल इंजिनिअरिंगला जायचं ज्यांच्या लेकरांनी ठरवलंय, त्यांनी एजंटाला पैसे मोजण्याआधी ही साइट उघडावी. लॉगिनसुद्धा लागत नाही. कम्युनिटी कॉलेजचा कोणता विषय यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) आणि कॅल स्टेट (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) या अनेक कॅम्पस असलेल्या सरकारी विद्यापीठांत कशाच्या जागी धरतात, त्याचे अधिकृत करार इथं आहेत. खासगी विद्यापीठं नाहीत, बाहेरची राज्यंही नाहीत.

मी लातूरला अकरावी-बारावीचं गणित शिकवतो. भाची क्युपर्टिनोच्या डी आन्झा कॉलेजात आहे. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली तेव्हा ती लहान होती, पण पाण्याचंच काम करायचं हे तेव्हापासून तिच्या डोक्यात बसलंय.

आम्ही दोघांनी व्हिडिओ कॉलवर यूसी रिव्हरसाइडचा करार उघडला. डावीकडं विद्यापीठाचा विषय, उजवीकडं तिच्या कॉलेजचा. "मामा, हे 'अँड' कशाला लिहिलंय?" खरी मेख तिथंच आहे. 'अँड'नं जोडलेले दोन्ही विषय झाले तरच पलीकडचा एक धरतात. अर्धवट सोडलं तर पलीकडचा तो विषय पदरात पडत नाही. त्यात डी आन्झा क्वार्टरवर, म्हणजे सेमिस्टरपेक्षा छोट्या सत्रांवर, चालतं, कॅल पॉली हम्बोल्टसारखी विद्यापीठं (हे कॅल स्टेटपैकी एक) सेमिस्टरवर. त्यामुळं विषयाचे भाग एकास एक जुळत नाहीत. म्हणून कॅल्क्युलस जिथं सुरू केलं तिथंच पुरं करावं. 'नो कोर्स आर्टिक्युलेटेड' असं दिसलं तर घाबरू नका. त्या कॉलेजचा कोणताही विषय त्याच्या जागी धरलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

साइट एक गोष्ट दाखवत नाही: क्रम. कशाआधी काय करायचं आणि ते कोणत्या क्वार्टरला मिळतं, हे कॉलेजच्या कॅटलॉगमध्येच शोधावं लागतं. डी आन्झात कॅल्क्युलसचे चार भाग आहेत, मॅथ १ए ते १डी. शिवाय डिफरन्शियल इक्वेशन्स आणि लिनिअर अल्जेब्रा. फिजिक्स ४ए ला कॅल्क्युलस लागतंच, आणि केमिस्ट्रीचे तीन भाग वेगळेच. पहिल्या क्वार्टरला गणित हुकलं की पुढचं सगळं रखडतं. भाचीला एका सल्लागारानं आधी जनरल एज्युकेशनचे, म्हणजे सगळ्याच शाखांना लागणारे, विषय उरकून घ्यायला सांगितलं होतं. इंजिनिअरिंगवाल्यांनी मेजरच्या, म्हणजे मुख्य शाखेच्या, विषयांना आधी हात घालावा, असं यूसीचंच म्हणणं आहे. आम्ही पहिल्या क्वार्टरला गणित आणि केमिस्ट्री घालून यादी नव्यानं मांडली.

आणखी एक. विषय धरले म्हणजे प्रवेश झाला असं नव्हे. हमीचा प्रवेश, म्हणजे टॅग, यूसीचे सहाच कॅम्पस देतात; बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो त्यात नाहीत. त्याचा अर्ज वेगळा असतो आणि तो सप्टेंबरातच भरायचा.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक गुण त्या क्रमासाठी कापला. करार उघडताना वर्ष नीट निवडा आणि पीडीएफ उतरवून ठेवा, कॉलेजच्या काउन्सेलरसमोर बसताना ती हातात असू द्या.