चिनी अवयव-शब्दांची चित्रकार्डं : सहा महिन्यांच्या वापरानंतर

आधी हिशोब. आंकी हे उजळणीचे दिवस स्वतः ठरवणारं कार्डांचं सॉफ्टवेअर संगणकावर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवरचं मात्र विकत घ्यावं लागतं. त्यात शरीराच्या चित्रावर झाकणं टाकून केलेली ९० कार्डं (झाकणाखाली काय ते आठवून म्हणायचं), रोज ५ नवी. अठरा दिवसांत नवी कार्डं संपतात आणि पुढे नुसती उजळणी उरते, सुरुवातीला रोज १०-१२ मिनिटं, नंतर त्याहून कमी. सहा महिन्यांनी शब्द डोक्यात बसतात, यात शंका नाही. पण आयता संच जसाच्या तसा उतरवून घेतला तर त्यातले बरेच शब्द चुकीच्या जागी बसतात, आणि एकदा बसलेला शब्द तिथून उठवणं हे नवा शब्द शिकण्यापेक्षा जड जातं.

खाली चिनी शब्द नागरीत लिहिले आहेत. पुढचा अंक म्हणजे सूर: १ उंच आणि सपाट, २ चढता, ३ खोल (सुटा म्हटला तर शेवटी वर येतो), ४ धाडकन पडणारा. अंक नसेल तर अक्षर हलकं उरकायचं.

आयत्या संचांचं मुख्य दुखणं असं की कार्डाच्या एका बाजूला चिनी शब्द असतो आणि दुसऱ्या बाजूला आपला. 'हात' म्हणजे षोऊ३, 'पाय' म्हणजे च्याओ३. दिसायला ठीक. पण मराठी हात खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत जातो, षोऊ३ मनगटाशी थांबतो. त्याच्या वरचा सगळा भाग कऽ१पो. पायाचं तेच: घोट्याच्या खाली च्याओ३, वर मांडीपर्यंत थुएइ३. मराठीत 'पाय दुखतोय' म्हटलं की काम भागतं, नेमका कुठे ते समोरचा विचारतो. चिनीत तोंड उघडण्याआधीच ठरवावं लागतं. मांडी भरून आलेला माणूस 'च्याओ३ थंग२' म्हणाला तर त्याला बूट काढायला सांगतील.

पोटाचंही तसंच. तू४त्स म्हणजे बाहेरून दिसणारं, हात फिरवता येणारं पोट. जठर म्हणजे वेइ४, आणि पोट बिघडल्याच्या बोलण्यात चिनी माणूस वेइ४ फार सहज वापरतो. केसांत तर उलटीच गंमत. आपल्याकडे डोक्यावरचे, भुवयांचे, अंगावरचे सगळे केसच. तिकडे डोक्यावरचे तेवढे थोऊ२फा, बाकी सगळी माओ२: भुवई मेइ२माओ, पापणीचे केस च्ये२माओ२. मान आणि गळा आपण वेगळे धरतो, तर चिनीतला पो२त्स दोन्हींना पुरतो. गळ्याच्या आतला, सर्दीत धरणारा घसा मात्र सांग३त्स.

म्हणून पहिला आणि सगळ्यात फायद्याचा बदल: कार्डावरून मराठी आणि इंग्रजी दोन्ही काढून टाका. पुढे चित्र, मागे आवाज आणि चिनी अक्षर. चित्रात अवयवाच्या नावाशी बाण नको. जेवढा भाग तो शब्द व्यापतो तेवढा रंगवलेला हवा, कारण षोऊ३ शिकताना तो कुठे संपतो हेच शिकायचं असतं. ९० चित्रं रंगवायला दोन संध्याकाळी जातात. कंटाळवाणं काम आहे, पण आयता संच आणि घरचा संच यांत खरा फरक इथेच पडतो.

काही ठिकाणी मात्र मराठी इंग्रजीपेक्षा जवळची निघते. याओ१ म्हणजे आपली कंबर, अगदी तीच. 'याओ१ थंग२' म्हणजे 'कंबर दुखते'. इंग्रजीतून शिकणारा इथे पाठ की कमरेचा घेर यात अडकतो, आपण सरळ पुढे जातो. करंगळीशेजारच्या बोटाला चिनीत 'बिननावाचं बोट' म्हणतात, वू२मिंग२चर्३. अनामिकाचा अर्थही तोच. (अंगठ्याशेजारचं बोट आपल्याकडे दटावणारं, म्हणून तर्जनी. तिकडे ते खाण्याचं बोट आहे.) गुडघा शी१काई४, त्यातलं काई४ म्हणजे झाकण. आपण तिथे वाटी म्हणतो. आणि पाठ म्हणजे पेइ४. त्याच अक्षराचा, त्याच सुराचा दुसरा अर्थ 'तोंडपाठ करणे', पुस्तकाकडे पाठ करून म्हणून दाखवायचं म्हणून. मराठीतले दोन 'पाठ' मुळात वेगवेगळे शब्द आहेत, केवळ योगायोगाने सारखे झालेत, पण हा शब्द लक्षात ठेवायला याहून सोपी खूण मिळणार नाही. सूर तेवढा सांभाळा. पहिल्या सुरातलं पेइ१ म्हणजे पाठीवर वाहून नेणं, आणि कपाचाही उच्चार तोच.

आता उच्चार. आयत्या संचांत चिनीचं रोमन रूप ठळक छापलेलं असतं, आणि इंग्रजी शाळेत गेलेला मराठी डोळा ते इंग्रजीसारखं वाचतो. पोटाचा शब्द 'डू' वाचला जातो, तो आहे 'तू'. मानेचा 'बो' वाचला जातो, तो आहे 'पो'. रोमनमधले बी, डी, जी हे चिनीत प, त, क आहेत, आणि पी, टी, के हे फ (ओठ मिटून, फळातला), थ, ख. इंग्रजी भाषकाला हा श्वासाचा भेद महिनोन्‌महिने छळतो. आपण तो पहिलीत बाराखडीबरोबर शिकलेलो असतो आणि रोमन लिपीच्या नादी लागून हातचा घालवतो. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ साली तिथेच वारले. तिथे त्यांना ज्या नावाने ओळखतात ते रोमनमध्ये के आणि डी घालून लिहितात, म्हणायचं मात्र खऽ१ ती४हुआ२.

तोंड म्हणजे त्सुएइ३. त्यातला पहिला ध्वनी 'चहा'तला च नव्हे, 'चोर', 'चूल', 'चमचा' यांतला. पी२त्स (नाक), तू४त्स यांच्या शेवटीही तोच, त्याला ई जोडायची नाही. नाकाला 'बिझी' म्हणणारे शेकड्यांनी भेटतात. च्याओ३मधला च 'चिंच'मधला. हातातला ष जीभ मागे वळवून म्हणायचा, जसा षट्कोनात लिहितो पण आता बहुतेक जण म्हणत नाहीत, आणि हृदयाच्या शिन१मध्ये साधा श. तळहात षोऊ३चांग३ आणि आतडं छांग२त्स यांतही च-छ यांच्यातला श्वास आणि सूर एवढाच फरक. हे सगळं ऐकून येतं, वाचून नाही. म्हणून दुसरा बदल: रोमन रूप पहिले दोन महिने लपवून ठेवा. कार्डाच्या साच्यातून ती एक ओळ काढली की झालं.

आवाजाच्या फायलींत दोन खोट्या जागा सापडतात. तिसरा सूर तिसऱ्यापुढे आला की पहिला दुसऱ्यासारखा होतो, त्यामुळे हाताचं बोट लिहिताना षोऊ३चर्३, म्हणताना षोऊ२चर्३. सुट्या अक्षरांचे तुकडे जोडून केलेल्या आवाजात हा बदल होत नाही, आणि शिकणारा दोन्ही अक्षरं खोल दाबत बसतो. दुसरी जागा केसांची. चीनमधल्या प्रमाण बोलण्यात थोऊ२फा, शेवट हलका. तैवानमध्ये थोऊ२फा३. चीनची अक्षरं आणि तैवानचा आवाज अशी खिचडी असलेले संच बरेच आहेत. केस, कान (अर३तुओ) आणि डोळे हे तीन शब्द आधी ऐकून पाहा, संच कुठला ते कळतं.

डोळे हे सगळ्यात चुकणारं कार्ड. येन३चिंग, शेवट हलका, म्हणजे डोळे. येन३चिंग४, शेवट पडता, म्हणजे चष्मा. चित्र पाहून म्हणताना ही चूक पकडली जात नाही, कारण डोळ्याचं चित्र समोर असताना तुम्ही काहीही म्हणालात तरी मन 'बरोबर' ठरवून पुढे जातं. दोन्ही कार्डांचे दिवसही वेगळे होत जातात. तीन महिन्यांनी एक आज येतं, दुसरं पाच आठवड्यांनी. यावर एकच इलाज कामाला येतो: चित्र नसलेलं, फक्त आवाजाचं कार्ड. ऐका आणि डोळ्याला हात लावा किंवा चष्मा उचला.

हाच प्रकार सगळ्या शब्दांना लावावा असं माझं मत आहे. चित्रावर झाकणं टाकायची सोय आंकीत २३.१० आवृत्तीपासून आतच मिळते आणि ती उत्तम आहे, पण तिचा एक छुपा दोष महिन्याभराने वर येतो. मेंदू अवयव नव्हे, झाकणाची जागा पाठ करतो. 'डावीकडून तिसरी पट्टी' म्हणजे खांदा, एवढंच उरतं. त्याच शब्दासाठी दुसरं चित्र दाखवलं की गप्प. म्हणून एका शब्दाला निदान दोन चित्रं द्या, एक समोरून, एक पाठमोरं किंवा बाजूने. बाकीचीही झाकणं लागलेली राहतील असा पर्याय निवडा, नाहीतर शेजारच्या नावांवरून उत्तर ओळखता येतं. आणि निम्मी कार्डं 'ऐका आणि स्वतःच्या अंगाला हात लावा' अशी ठेवा. लोकलमध्ये बसून हे जमत नाही, लोक बघतात. घरी उभं राहून करा.

अक्षरं शिकायची असतील तर अवयवांचा विषय सुरुवातीला सोन्यासारखा आहे. चेहरा, मेंदू, कंबर, थुएइ३, च्याओ३, पोट या सगळ्यांच्या डावीकडे एकच खूण असते, दिसायला हुबेहूब 'चंद्र'. तो चंद्र नाही, दाबून लिहिलेलं 'मांस' आहे. पाठ, खांदा, जठर, मूत्रपिंड यांत तीच खूण खाली जाते. 'मित्र' आणि 'कपडे' या दोन शब्दांत ती दिसते आणि मांसाशी संबंध नसतो, तेवढं ध्यानात ठेवलं की पुरे. उरलेला अर्धा भाग बहुधा आवाज सांगतो. पोटात मांसाशेजारी 'माती' आहे, तिचा उच्चार थू३. यकृताचा उरलेला अर्धा नुसता वाचला तरी कान१च. कंबरेत मांसाशेजारी 'हवं' या अर्थाचं याओ४ आहे, आणि ते अक्षर मुळात कंबरेचंच होतं. अर्थ दुसरीकडे गेला, म्हणून ओळखीसाठी मांस जोडावं लागलं. हृदयात मात्र मांस नाही. तो सुटा चार फटकाऱ्यांचा शिन१.

चिनीत मोजताना आकडा आणि वस्तू यांच्या मधे एक शब्द घालावा लागतो, तो मोजशब्द. हे मोजशब्द कार्डावर नसले तर संच अर्धवट समजा. एक हात, एक डोळा, एक कान यांना चर्१ (जोडीतला एक), दोन्ही मिळून ष्वांग१, थुएइ३ला थ्याओ२, तोंडाला आणि चेहऱ्याला चांग१, दाताला खऽ१, केसाला कन१. प्रत्येक कार्डाच्या मागे 'एक अमुक' असं पूर्ण म्हटलेलं ऐकू यावं. वेगळी यादी करून पाठ करायला गेलात तर महिन्यात विसराल.

एचएसके या चीनच्या चिनी भाषेच्या परीक्षेच्या क्रमाने शिकणाऱ्यांची एक अडचण आहे. २०१० च्या सहा पातळ्यांच्या पद्धतीत डोळे दुसऱ्या पातळीत म्हणजे पहिल्या ३०० शब्दांत येतात, नाक-कान तिसऱ्या म्हणजे ६०० पर्यंत, पोट चौथ्या, १२०० पर्यंत. मान, कंबर आणि घसा पाचव्या पातळीत, २५०० शब्दांच्या आत कुठेतरी. २०२१ च्या मानकात पातळ्या नऊ झाल्या, तरी अवयव एकत्र येत नाहीत ते नाहीतच. चीनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्याला घसा दुखणारा रोगी पाचव्या पातळीपर्यंत थांबणार नसतो. त्यांनी अवयव एकगठ्ठा शिकावेत.

त्यांच्यासाठी वाक्यांची कार्डंही हवीत, पंधरा-वीस पुरतात. 'नी३ ना३ली पू४ षू१फू' म्हणजे कुठे त्रास होतोय. उत्तराला 'वो३ थोऊ२ थंग२', शब्दशः 'मी डोकं दुखणं'. 'माझं'मधला संबंध दाखवणारा शब्द मधे घुसवायचा मोह होतो. चूक नाही, पण बोलण्यातलं वाटत नाही. दक्षिणेकडे आणि तैवानात थंग२ऐवजी थुंग४ जास्त ऐकू येतं, तेही कार्डावर ठेवा. एक सापळा फार महत्त्वाचा: शिन१थंग२ म्हणजे छातीत दुखणं नव्हे, कुणासाठी जीव तुटणं. छातीत दुखत असेल तर श्युंग१खोऊ३ थंग२.

शेवटची गोष्ट सेटिंगची. एखादं कार्ड आठ वेळा चुकलं की आंकी त्याला 'लीच', म्हणजे जळू, अशी खूण लावतं, आणि सेटिंग तसं असेल तर उजळणीतून बाहेरही काढतं. एक सूचना क्षणभर चमकते, नजर चुकली की कळतही नाही. मग सहा महिन्यांनी ९० पैकी ८२ कार्डंच फिरत असतात आणि आपण खूश. महिन्यातून एकदा त्या टॅगने शोध घ्या. तिथे बहुधा भुवई-पापणी, कोपर-मनगट आणि डोळे-चष्मा सापडतील. ती तशीच परत सोडली तर परत तिथेच येतील. चित्र बदला, आवाज दुसऱ्या माणसाचा घाला, मग सोडा.