११० नगांचा केकसंच आणि दोन मुलांचे हात : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या मे महिन्यात मी केक सजवण्याचा ११० नगांचा संच मागवला, त्याला आता नऊ महिने होत आले. या काळात त्यावर लहानमोठे चौदा केक झाले आणि त्यांतले अकरा केक दहा वर्षांच्या थोरलीने आणि सहा वर्षांच्या धाकट्याने माझ्याबरोबर ओट्याशी उभे राहून केले. संच घेण्यापूर्वी मी जे अभिप्राय वाचले होते ते बहुतेक खोके उघडल्याच्या दिवशीच लिहिलेले होते. ‘पॅकिंग उत्तम, वस्तू चकचकीत’ यापलीकडे त्यांतून काही हाती लागले नाही. म्हणून हा अभिप्राय मुद्दाम उशिरा लिहीत आहे. सराईत माणसाच्या हातात ही साधने कशी चालतात हे मला सांगता येणार नाही. मुलांच्या हातात ती कशी चालतात, एवढेच मी पाहिले आहे.

पहिली गोष्ट म्हणजे ११० या आकड्याला भुलू नये. त्यात क्रीमची नक्षी काढायला पिशवीच्या टोकाला बसवायची ४८ नोझल, क्रीम भरायच्या, वापरून टाकून द्यायच्या २० पिशव्या आणि कपकेकच्या २४ कागदी वाट्या आहेत, म्हणजे ९२ नग इथेच संपले. उरलेल्या अठरांत फिरते ताट, क्रीम पसरवायचे दोन स्पॅच्युला, कडेचा थर गुळगुळीत करायचे तीन स्क्रेपर, पिशवीला नोझल जोडायचे तीन कपलर, एक सिलिकॉनची पिशवी, केक आडवा कापायची तार, फुले करायचा खिळा, ती उचलायची कात्री, एक ब्रश आणि मापाचे चार कप येतात. ४८ पैकी पाच नोझल आम्ही वापरली. बाकीची त्रेचाळीस डबीतच राहिली आणि धाकटा ती अधूनमधून उंचीप्रमाणे ओळीने मांडतो, एवढाच त्यांचा उपयोग.

पहिला केक जूनमध्ये झाला, धाकट्याच्या वाढदिवसाचा. माझा भाऊ पुण्याहून मुंबईला पासावर ये-जा करतो, त्यामुळे घरात डेक्कन क्वीनचे कौतुक फार. ही गाडी १ जून १९३० रोजी सुरू झाली आणि तिचा वाढदिवस दर वर्षी १ जूनला पुणे स्थानकावर केक कापून साजरा होतो, हे मामाकडून कळल्यावर चिरंजीवांनी जाहीर केले, ‘गाडीच्या वाढदिवसाला केक असतो, तर माझ्या वाढदिवसाला केकची गाडी पाहिजे.’ आम्ही ब्रेडच्या लांबट टिनमध्ये तीन केक भाजले, एकाचे इंजिन केले, दोनांचे डबे केले आणि जुन्या निळ्या-पांढऱ्या रंगाची गाडी करायचे ठरवले. चाकांना गोल क्रीमची बिस्किटे लावली. ती लावण्याचे काम धाकट्याचे होते आणि दोन्ही बाजूंची चाके सारखी असल्याची खात्री करण्यासाठी त्याने ती चार वेळा मोजली.

याच केकने मला रंगाचा पहिला धडा दिला. जेल रंग क्रीममध्ये मिसळल्यावर दोन-चार तासांत आणखी गडद होतो. मला संध्याकाळी हवा तसा निळा मिळाला होता. सकाळी तो शाईसारखा झाला होता आणि पार्टीनंतर बारा मुलांच्या जिभा निळ्या झाल्या होत्या. तेव्हापासून हव्या त्या छटेच्या अलीकडेच थांबतो. आपल्याकडे खाद्यपदार्थांत आठच कृत्रिम रंगांना परवानगी आहे आणि बहुतेक पदार्थांसाठी त्यांची कमाल मर्यादा किलोला १०० मिलिग्रॅम आहे, त्यामुळे डबीवर रंगाचे नाव आणि परवान्याचा क्रमांक पाहूनच ती घेते आणि टूथपिकच्या टोकाला लागेल तेवढाच रंग थोरलीच्या हातात देते. लाल आणि काळा हे दोन रंग आम्ही आता करतच नाही. त्यांना रंग इतका लागतो की क्रीम कडवट लागते. काळ्याऐवजी कोको घालून गडद तपकिरी केला तरी कोणत्याही मुलाची तक्रार येत नाही.

रंगाचीच आणखी एक हकीकत सांगते. जुलैमध्ये थोरलीने ठरवले की पिवळ्या केकला डबीतला रंग नको, घरची हळद चालेल. तिने अर्धा चमचा हळद पिठात चाळून घातली. त्याच कृतीत खायचा सोडा होता आणि तो माझ्याकडून जरा सढळ पडला होता. भाजून निघालेल्या केकमध्ये पिवळ्याऐवजी विटकरी ठिपके आणि पट्टे होते. तिला रडू येण्याच्या बेतात होते, तेवढ्यात माझ्या सासूबाईंनी एका वाटीत हळद घेतली, तिच्यात चिमूटभर चुना कालवला आणि तिच्यासमोर धरली. हळद बघता बघता लाल झाली. ‘पूर्वी कुंकू असेच करायचे,’ एवढेच त्या म्हणाल्या. सोडा आणि चुना दोन्ही अल्कधर्मी, हे थोरलीने नंतर शाळेतल्या वहीत लिहिले. केक मात्र ‘कुंकवाचा केक’ म्हणून त्याच संध्याकाळी संपला.

आता संचाकडे वळते. फिरते ताट प्लॅस्टिकचे आहे आणि सपाट ओट्यावर ते सरकते. खाली ओला नॅपकिन पिळून पसरला की जागचे हलत नाही. मोठ्या माणसाला ते केक फिरवायला लागते. मुलांना ते फिरवायलाच आवडते, आणि पहिल्या महिन्यात अर्धी क्रीम भिंतीवर गेली ती त्यामुळेच. मग आम्ही काम वाटून घेतले. एकाने ताट सावकाश फिरवायचे आणि दुसऱ्याने स्क्रेपर अजिबात न हलवता धरायचा. हे काम मुलांना इतके जमले की कडेचा थर आता माझ्यापेक्षा थोरलीचा गुळगुळीत येतो. पण पाचव्या महिन्यापासून ताट कुरकुरू लागले. मधल्या खाचेत साखर आणि चुरा साचतो आणि ती खाच उघडून धुता येत नाही.

नोझलवर स्टेनलेस स्टील असे लिहिले आहे. जिथे पत्र्याची जोडणी आहे तिथे तिसऱ्याच महिन्यात तांबूस गंज दिसू लागला. चूक अर्धी आमचीही, कारण मुले धुतात आणि ओलीच डबीत टाकतात. आता धुतल्यावर नोझल गरम असलेल्या, पण बंद केलेल्या ओव्हनमध्ये दहा मिनिटे ठेवतो. ज्यांना गंज लागला ती फेकून दिली. बारीक नोझलवर क्रमांक कोरलेले नाहीत, त्यामुळे कृतीत सांगितलेले नोझल ओळखायला अंदाजच लागतो.

सिलिकॉनची पिशवी धाकट्याच्या हातासाठी फारच मोठी आहे. तो ती मध्यावर दाबतो आणि क्रीम वरच्या तोंडातून बाहेर येते. त्याला मी टाकाऊ पिशवी अर्ध्याहून कमी भरून, वर रबरबँड लावून देते. तरीही हाताच्या उबेने क्रीम सैल पडते, म्हणून दोन पिशव्या ठेवतो. एक हातात, एक फ्रीजमध्ये. तीन कपलरपैकी दोनांचे आटे तडकले आहेत.

तारेच्या कापणीबद्दल मात्र माझी खरी तक्रार आहे. दोन महिन्यांत तार सैल झाली आणि तिच्या टोकाचा अणकुचीदार भाग उघडा पडला. मी ती मुलांपासून दूर ठेवली आणि पुढे केक दोऱ्याने कापू लागलो. केकच्या कडेला सुरीने गोलाकार हलकी खूण करायची, त्या खाचेत जाड सुती दोरा बसवायचा, दोन्ही टोके समोर एकमेकांवरून घ्यायची आणि ओढायची. दोरा मधून सरकत येतो आणि दोन सारख्या चकत्या होतात. मुलांना या एका कामाचे वेड आहे. केक पूर्ण गार झालेला असला तरच हे साधते, नाहीतर चुरा होतो.

मापाच्या कपांनीही गोंधळ घातला. पहिले दोन केक कोरडे झाले तेव्हा मी कृतीला दोष देत होते. शेवटी थोरलीने ‘२५० मिली’ लिहिलेला कप पाण्याने काठोकाठ भरून वजनकाट्यावर ठेवला. पाणी २२८ ग्रॅम भरले. पाण्याचा एक मिलिलिटर म्हणजे जवळजवळ एक ग्रॅम, त्यामुळे निष्कर्ष तिनेच काढला. आता आम्ही सगळे वजनावर करतो. सहा इंची टिनसाठी १२५ ग्रॅम मैदा, २०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, ६० ग्रॅम वितळलेले लोणी, एक सपाट चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा आणि लागेल तसे सव्वाशे मिलिलिटरपर्यंत दूध घालतो. ओव्हन आधी तापवून १८० अंशांवर साधारण ३० ते ३५ मिनिटे भाजतो. यात अंडे नाही, त्यामुळे वाढदिवसाला येणाऱ्या सगळ्या मुलांना देता येतो.

ऑगस्टमधला केक फसला, तो फाँडंटमुळे, म्हणजे केकवर लावायच्या, मळता येणाऱ्या साखरेच्या गोळ्यामुळे. संचाबरोबर सुचवलेले फाँडंट आणले आणि गोकुळाष्टमीला दहीहंडीचे मडके आणि गोविंदांचे थर करायचे ठरले. मुलांसाठी फाँडंट म्हणजे गोड मातीच, दोन तास घरात आवाज नव्हता. केक रात्री फ्रीजमध्ये ठेवला. सकाळी बाहेर काढल्यावर डोंबिवलीच्या दमट हवेत त्यावर पाण्याचे थेंब जमले, मडके चकाकू लागले आणि वरचे दोन थर हळूहळू बसले. थंड वस्तूवर हवेतली वाफ जमते आणि साखर ती शोषून घेते, हे मला ठाऊक होते. तरी फ्रीजचा मोह आवरला नाही. त्याहून वाईट म्हणजे ते कोणी खाल्ले नाही. सगळ्यांनी वरचा भाग काढून बाजूला ठेवला.

त्यानंतर आमच्या वसईच्या शेजारणीने उपाय दाखवला. नाताळात त्यांच्याकडे काजूचे मार्झिपान करतात. काजूची बारीक पूड आणि साखर यांचा घट्ट गोळा होतो. तो मळता, लाटता, साच्यात दाबता येतो, आणि चवीला काजूकतलीच्या जवळचा असतो. दिवाळीपासून आमच्या केकवरची माणसे, झाडे, जनावरे याचीच होतात. काजू महाग आहे, हे खरे. पण त्यातले काही उरत नाही.

नऊ महिन्यांतला सगळ्यात चांगला केक दिवाळीतला, किल्ल्याचा. सोसायटीच्या आवारात मुलांनी मातीचा किल्ला केलाच होता. तसाच घरात करायचा हट्ट होता. दोन चौकोनी केक एकावर एक ठेवून डोंगर कापला. कापताना निघालेला चुरा थोड्या क्रीममध्ये मळून उतारावर थापला, जसा खाली गोणपाटावर चिखल थापतात तसाच. बुरूज कपकेकचे, तटबंदी शेंगदाण्याच्या चिकीच्या तुकड्यांची, वाट कोको बिस्किटांच्या चुऱ्याची. (शेंगदाणे आणि काजू दोन्ही असल्यामुळे येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या घरी आधी विचारून घेतले, एका मुलीसाठी वेगळा कपकेक केला.) मातीच्या किल्ल्यावर हळीव पेरतात, ते इथे कसे आणायचे हा प्रश्न होता, आणि तेव्हा डबीत पडून असलेले २३३ क्रमांकाचे नोझल बाहेर आले. त्याच्या तोंडाला बारीक बारीक भोके असतात. पिशवी दाबून पटकन वर उचलली की हिरव्या क्रीमचे तंतू उभे राहतात. धाकट्याने पाऊण तास बसून सगळा डोंगर हिरवा केला. त्याची पिशवी मी तीन वेळा बदलली, बाकी हात लावला नाही. मातीचे रंगवलेले मावळे मुलांना हवेच होते, तेव्हा प्रत्येकाच्या खाली बटर पेपरची गोल चकती ठेवली, म्हणजे त्यांचा रंग क्रीमला लागत नाही. भगव्याला टूथपिकऐवजी कागदी स्ट्रॉची काठी केली.

क्रीमबद्दल थोडक्यात सांगते. गोठवलेली व्हिपिंग क्रीम आदल्या रात्री फ्रीजरमधून खाली फ्रीजमध्ये आणून ठेवावी. आत बर्फाचे कण राहिले तर ती फुगत नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवूनच फेटावे लागले. बीटर मुलांच्या हातात द्यायला हरकत नाही, पण कधी थांबायचे हे मोठ्याने पाहावे, कारण जास्त फेटली की ती दाणेदार होते आणि मग नीट करता येत नाही.

पाचपैकी मी या संचाला अडीच देईन. अडीच मिळाले तेही बाकदार स्पॅच्युला, स्क्रेपर आणि त्या पाच नोझलमुळे. ज्यांना मुलांबरोबर करायचे आहे त्यांनी एवढ्याच वस्तू सुट्या घ्याव्यात आणि वाचलेल्या पैशांत वजनकाटा आणावा. मी स्वतः आता लोखंडी बैठकीचे फिरते ताट मागवले आहे, ते पुढच्या आठवड्यात येईल. जुने कुरकुरणारे ताट धाकट्याने मातीकामासाठी मागून घेतले आणि सध्या त्याच्यावर एक अर्धवट हत्ती वाळत ठेवला आहे.